कुत्र्यास मारून काय शिकवितां?

महाभारताच्या आदिपर्वांत सर्पसत्राची कथा सुरू होण्यापूर्वीं एका कुत्र्याची लहानशी गोष्ट आलेली आहे. कीर्तनांतून वा पुराणांतून ती फारशी ऐकूं येत नाहीं. जनमेजय राजा आपल्या भावांसह कुरुक्षेत्रीं दीर्घ सत्र करीत असतां देवशुनी सरमा हिचें पिल्लूं तेथें आलें. राजाच्या तिघां भावांनीं त्यास झोडपून काढलें. तें रडत आईकडे गेलें, तेव्हां त्या आईचा पहिला उद्गार मोठा विचार करण्यासारखा आहे. ती म्हणाली, तुझ्याच हातून कांहीं अपराध घडला असेल. पिल्लानें सांगितलें कीं, आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेंही नाहीं आणि त्यास जीभही लावलेली नाहीं. मग सरमा यज्ञमंडपांत गेली व तिनें जाब विचारला. कोणी उत्तर दिलें नाहीं. तेव्हां तिनें शाप दिला कीं, निरपराध लेकरास तुम्हीं मारलें, यास्तव तुमच्यावर अदृष्ट भय येईल. एवढा मोठा राजा, पण त्या शापानें गडबडून गेला आणि योग्य पुरोहिताचा शोध करूं लागला.

अदृष्ट भय हे शब्द आम्हांस गेल्या महिन्यांत आलेल्या एका पत्रामुळें आठवले. पत्र लिहिणाऱ्या भगिनी एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील आहेत. घरांत मोत्या नांवाचा चार वर्षांचा कुत्रा आहे. धाकट्या जाऊबाईंचा मुलगा आतां घरभर धांवूं लागला आहे. तो एके दिवशीं मोत्या जेवत असतां त्याच्या थाळीशीं गेला आणि मोत्या गुरगुरला. थोरल्या भाऊजींनीं वेताची छडी घेऊन मोत्यास चांगलेंच बडविलें. दोन दिवसांनीं पुनः तोच प्रकार झाला आणि पुनः छडी बसली. "तेव्हांपासून," भगिनी लिहितात, "मोत्या गुरगुरत नाहीं. बाळ जवळ गेलें कीं तो खाणें थांबवितो आणि मान खालीं घालून लांकडासारखा ताठ उभा राहतो. मामंजी म्हणतात, पाहा, छडीनें कशी अक्कल आली! घरांत सर्वांस समाधान आहे. मला मात्र त्याचें तें ताठ उभें राहणें पाहून पोटांत गोळा येतो. कुत्र्यास मारणें योग्य कीं अयोग्य, याचा एकदां खुलासा करावा."

खुलासा करतों. मारणें अयोग्य आहे. दयाबुद्धीनें पाहिलें तर तें अयोग्य आहेच. परंतु ज्या हेतूनें मारलें त्या हेतूच्याही तें मुळावर येतें, आणि आजच्या लेखांत आम्हांस मुख्यतः हेंच सांगावयाचें आहे. दयेचा उपदेश करणारे पुष्कळ आहेत. पण भाऊजींनीं छडी उचलली ती क्रूरपणानें नव्हे, बाळाच्या काळजीपोटीं उचलली. त्याच काळजीपोटीं ती खालीं ठेवावी, असें आम्हांस त्यांना विनवावयाचें आहे.

मोत्यास अक्कल आलेली नाहीं. त्याचा आवाज गेला आहे. कुत्रा सहसा एकाएकीं चावत नाहीं. चावण्यापूर्वीं तो आपल्या परीनें पुष्कळ बोलत असतो. प्रथम तो तोंड फिरवितो, ओठांवरून जीभ फिरवितो, झोंप आलेली नसतां जांभई देतो. मग अंग चोरून बाजूला होतो. डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग दिसूं लागतो. अंग ताठ होतें. आणि एवढ्यानेंही समोरच्यास समजलें नाहीं, तर तो गुरगुरतो. त्यापुढें दांत दाखविणें, हवेंत चावा घेणें आणि शेवटीं खराच चावा. या सर्व पायऱ्यांत गुरगुरणें ही पायरी विशेष उपयोगाची, कारण ती ऐकूं येते. आजी जपाला बसली असली, आई ओट्याशीं पाठमोरी उभी असली, तरी तिच्या कानांवर ती पडते आणि ती मुलास उचलून घेऊं शकते. छडीनें नेमकी हीच पायरी काढून टाकली. कुकरची शिटी कर्कश वाटते म्हणून ती कोणी बांधून ठेवली, तर स्वयंपाकघरांत शांतता होईल खरी. परंतु त्या घरीं जेवावयास जाण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

शिवाय आंतील वाफ कमी झालेली नाहीं, वाढलेली आहे. ती कशी, हें समजण्यासाठीं कुत्रा शिकतो कसा, तें पाहिलें पाहिजे. रशियांतील इव्हान पाव्हलॉव्ह यांस 1904 सालीं पचनक्रियेच्या संशोधनासाठीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या कामांत त्यांच्या ध्यानीं आलें कीं, अन्न तोंडांत पडेपर्यंत कुत्रा थांबत नाहीं. अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागतांच त्याच्या तोंडास पाणी सुटतें. पुढील सारें आयुष्य त्यांनीं या एका गोष्टीचा पाठपुरावा केला. त्यांतून निघालेला नियम साधा आहे. ज्या दोन गोष्टी पुनःपुन्हां लागोपाठ घडतात त्यांची कुत्र्याच्या शरीरांत गांठ पडते, आणि मग पहिली घडली कीं दुसरीसाठीं तें शरीर आपोआप तयार होतें. गांठ कोणत्या दोन गोष्टींची पडावी, हें मात्र आपल्या इच्छेवर नसतें.

मोत्याच्या बाबतींत काय घडलें? बाळ आलें आणि छडी बसली. पुनः बाळ आलें आणि पुनः छडी बसली. भाऊजींच्या मनांत एक पूर्ण वाक्य होतें: गुरगुरलास, म्हणून मार खाल्लास. या वाक्यांतील 'म्हणून' समजण्यास भाषा लागते. मोत्यापाशीं भाषा नाहीं. त्याच्यापुढें बाळ होतें, पायाशीं थाळी होती आणि पाठीवर वेदना होती. आधीं त्यास बाळाविषयीं एवढीच शंका होती कीं, हें आपलें अन्न नेईल. आतां बाळ ही वेदनेची नांदी झाली आहे. ज्या मुलाच्या रक्षणासाठीं मार दिला त्याच मुलाची धास्ती त्या मारानें पक्की केली, आणि ती बोलून दाखविण्याची वाट बंद केली. सरमेनें सांगितलेलें न दिसणारें भय तें हेंच, असें कोणी म्हटलें तर आम्ही वाद घालणार नाहीं.

शिक्षा करण्यास उशीर झाला तर घोटाळा अधिकच वाढतो. दुपारभर एकट्या राहिलेल्या पिल्लानें सतरंजी घाण केली, म्हणजे सायंकाळीं परत आलेले घरधनी त्याचें नाक त्या जागेवर घासून वर दोन चापट्या लगावतात. ही चाल आपल्याकडील पुष्कळ घरांतून अजून आहे. "त्याला सारें कळतें, पाहा कसा अपराध्यासारखा कोपऱ्यांत बसला आहे," असें समर्थनही करतात. या अपराधी मुद्रेचीच एक परीक्षा न्यूयॉर्क येथील बर्नार्ड कॉलेजांतील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनीं घेतली व ती 2009 सालीं प्रसिद्ध केली. कुत्रे 14 होते. खाऊस तोंड लावूं नको, अशी आज्ञा देऊन मालकानें खोलीबाहेर जावयाचें. मागाहून कधीं कुत्र्यास तो खाऊ मिळे, कधीं मिळत नसे. आणि परत येणाऱ्या मालकास कधीं खरी हकीकत सांगत, कधीं खोटी. शेवटीं आढळलें तें असें कीं, अपराधी मुद्रेचा संबंध अपराधाशीं नव्हता, मालकाच्या रागावण्याशीं होता. आणि ज्यांनीं खाऊ खाल्लाच नव्हता अशा कुत्र्यांवर मालक रागावले, तेव्हां ती मुद्रा उलट अधिक ठळक दिसली. नाक घासलेलें पिल्लूंही एवढेंच शिकतें कीं, घाण आणि माणूस हीं दोन्ही एके ठिकाणीं असलीं म्हणजे आपल्यावर संकट येतें. मग तें पलंगाखालीं जाऊन घाण करूं लागतें, आणि फिरावयास नेलें असतां मालकासमोर कांहींच करीत नाहीं. त्यावर घरधनी म्हणतात, हा मुद्दाम करतो!

भयाचा दुसरा एक परिणाम पाव्हलॉव्ह यांच्याच प्रयोगशाळेंत अचानक दिसून आला. 1924 च्या सप्टेंबरांत लेनिनग्राड येथें नदीस मोठा पूर आला आणि पाणी कुत्र्यांच्या पिंजऱ्यांपर्यंत चढलें. नोकरांनीं कुत्र्यांस पाण्यांतून ओढून काढून वांचविलें. जीव वांचला, पण त्यांतील कांहीं कुत्रे महिनोन्महिने परिश्रम करून शिकविलेलें सारें विसरून गेले. एका कुत्र्याची घडी पुनः बसविल्यावर केवळ दाराखालून पाण्याची धार आंत सोडली, तर तो पुनः बिघडला. यावरून एवढें दिसतें कीं, भय हा शिकविणारा मास्तर नसून पाटी पुसणारा बोळा आहे.

मग कुत्र्याच्या शिक्षणांत छडी आली कोठून? युरोपांत पोलिसांच्या व लष्कराच्या कुत्र्यांचें शिक्षण सुरू झालें तेव्हां जर्मन अधिकारी कोनराड मोस्ट यांचें 1910 सालचें पुस्तक फार मानलें गेलें. त्यांत कौतुकासही जागा होती, पण भर सक्तीवर होता. चाबूक आणि खिळ्यांचा गळपट्टा हीं त्यांतलीं साधनें. अमेरिकेंत विल्यम कोहलर यांचें पुस्तक 1962 सालीं निघालें व घरोघर पोंचलें. अंगणांत खड्डे उकरणाऱ्या कुत्र्याचें तोंड पाण्यानें भरलेल्या त्याच खड्ड्यांत दाबून धरावें, असा उपाय त्यांत आहे. वाचतांना अंगावर कांटा येतो. गळा आवळणाऱ्या साखळ्या आपल्या शहरांतील दुकानांतून आजही सर्रास विकत मिळतात, त्या याच परंपरेंतल्या.

छडीस शास्त्राचा आधार म्हणून पुढें लांडग्यांस साक्षीला आणण्यांत आलें. रुडोल्फ शेंकेल यांनीं स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयांत कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास करून 1947 सालीं असें मांडलें कीं, लांडग्यांत वरिष्ठपणासाठीं सारखी झटापट चालते. त्यावरून कुत्रे शिकविणाऱ्यांनीं सिद्धांत काढला कीं, कुत्राही घराचा नायक होऊं पाहतो. त्यास उताणा पाडून, मानगूट धरून, आपणच नायक आहों हें पटवून दिलें पाहिजे. डेव्हिड मेक या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाच्या 1970 सालच्या ग्रंथानेंही या कल्पनेस हातभार लावला. परंतु पुढें मेक यांनीं उत्तरेकडील एल्स्मिअर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि 1999 सालीं आपलेंच मत सुधारून लिहिलें. मोकळ्या रानांतील कळप म्हणजे बहुधा एक जोडपें आणि त्यांची मुलें! धाकटीं मोठ्यांचें ऐकतात तीं मोठीं आईबाप आहेत म्हणून. झटापटींत हरलीं म्हणून नव्हे. म्हणजे लांडग्यांचा कळप हें एक एकत्र कुटुंबच निघालें. परक्या लांडग्यांस एका पिंजऱ्यांत कोंडून त्यांच्या भांडणावरून लांडग्यांचा स्वभाव ठरविणें, म्हणजे धर्मशाळेंत अडकलेल्या प्रवाशांची तंडातंडा पाहून आपल्या कुटुंबसंस्थेचे नियम लिहिण्यासारखें झालें. आणि कुत्रा लांडगाही राहिलेला नाहीं. निदान 15,000 वर्षें तो माणसाच्या दाराशीं आहे.

या कल्पनेप्रमाणें वागणाऱ्या घरांत काय होतें, याचेंही टिपण झालेलें आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यांनीं आपल्याकडे खोड्यांची तक्रार घेऊन येणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांस प्रश्न विचारले व त्यांचीं उत्तरें 2009 सालीं प्रसिद्ध केलीं. ज्यांनीं कुत्र्यास मारलें किंवा लाथ घातली, त्यांपैकीं शेंकडा 43 जणांच्या कुत्र्यांनीं उलट आक्रमक पवित्रा घेतला. उताणा पाडून दाबून धरणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा 31 आणि नुसतें डोळे वटारून पाहणाऱ्यांत शेंकडा 30 होतें. बक्षिसाच्या उपायांनीं फारच थोडे कुत्रे चिडले. हे कुत्रे मुळांत तक्रारीचे होते, हें खरें. पण आपल्या घरीं छडी निघते तीही तक्रारीच्या कुत्र्यासाठींच निघते. पोर्तुगालांतील पोर्तो येथील संशोधकांनीं 7 शिक्षणवर्गांतील 92 कुत्र्यांची पाहणी करून 2020 सालीं निष्कर्ष मांडले. दटावणी, हिसके व चापट्या जेथें अधिक, तेथील कुत्र्यांच्या लाळेंत ताणाच्या वेळीं पाझरणारें द्रव्य शिकवणीनंतर अधिक सांपडलें. पुढें एका खोलींत त्यांच्यासमोर वाट्या मांडल्या. एका जागच्या वाटींत नेहमीं खाऊ, दुसऱ्या जागची नेहमीं रिकामी. मग वाटी मधोमध ठेवली. बक्षिसानें शिकलेले कुत्रे तिच्याकडे आशेनें धांवले. मार खाल्लेले रेंगाळत गेले. कोणता मालक कोणत्या वर्गास जातो, यावरही कांहीं अवलंबून असेल, म्हणून एकट्या या पाहणीवर आम्ही सारा भार टाकीत नाहीं. पण त्या मधल्या वाटीची गोष्ट मनांतून जात नाहीं.

येथें वडील मंडळी म्हणतील, "कांहीं म्हणा, मारल्यानें फरक पडतो, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे." पडतो, त्या क्षणापुरता पडतो, आणि तोच खरा सांपळा आहे. कुत्रा भुंकत होता, चापट दिली, तो थांबला. या व्यवहारांत कांहीं शिकलें असेल तर तें मारणारानें: चापट उपयोगी पडते, एवढें तो शिकला. दुसऱ्या दिवशीं कुत्रा पुनः भुंकतो आणि चापट थोडी जोरांत पडते. महिन्याभरांत हातांत पट्टा येतो. थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें 1898 सालीं मांजरांवर प्रयोग करून असें मानलें होतें कीं, बक्षिसानें संवय जडते आणि शिक्षेनें ती तितकीच सुटते. 1932 च्या सुमारास त्यानें दुसरा अर्धा भाग मागें घेतला. शिक्षेनें संवय सुटत नाहीं, दबून राहते. आणि त्या ठिकाणीं काय करावें, हें शिक्षा सांगत नाहीं. 'असें करूं नको' एवढेंच शंभरदां ऐकणाऱ्या नव्या सुनेस स्वयंपाक कधीं येईल काय?

दुसरें कोणी म्हणतात, "आमचा कुत्रा मार खाऊनही शांत आहे." त्यांना आम्ही 1967 सालच्या एका प्रयोगाची आठवण देऊं. सेलिगमन व मायर यांनीं कुत्र्यांस, सुटकेचा कांहींएक मार्ग न ठेवतां, विजेचे धक्के दिले. पुढें त्यांना अशा पेटींत ठेवलें कीं, मधलें ठेंगणें कुंपण ओलांडलें कीं सुटका. त्यांतील बरेच कुत्रे उठलेही नाहींत. ते निमूटपणें धक्के सोशीत पडून राहिले. असला प्रयोग करावा कीं करूं नये, हा प्रश्न वेगळा. आमच्या मतें करूं नये. पण निमूटपणा आणि शिस्त एक नव्हेत, हें त्यानें दाखविलें.

आतां उपाय. भगिनींनीं आजपासून पहिली गोष्ट ही करावी कीं, मोत्याची थाळी अशा ठिकाणीं ठेवावी, जेथें बाळ पोंचणारच नाहीं: मागची गॅलरी, जिना, दार लावतां येईल अशी कोणतीही जागा. तो जेवून होईपर्यंत दार उघडूं नये. थाळी काढून घेऊन, पुनः देऊन त्याची परीक्षा पाहणें अगदीं बंद. मग घरांतील एका मोठ्या माणसानें, तो जेवत असतां, चार-पांच हात दुरून जातांना थाळींतल्यापेक्षां सरस असा एखादा घांस, पनीरचा तुकडा म्हणा, त्याच्या बाजूस टाकावा आणि न थांबतां निघून जावें. कांहीं दिवसांनीं माणूस दिसतांच मोत्या मान वर करून शेपूट हलवूं लागेल. तेव्हां अंतर एका पावलानें कमी करावें. तो ताठ झाला तर आपण फार जवळ आलों, असें समजून मागें हटावें. गांठ येथेंही पडते, पण ती 'माणूस आला, म्हणजे चांगलें कांहीं आलें' अशी पडते. ही शिकवणी बाळाकडून कदापि करवूं नये. आणि मोत्यानें एकदां मार खाल्लेला असल्यामुळें अनुभवी पशुवैद्याचा सल्ला घेतल्यावांचून पुढें जाऊं नये. तो यापुढें गुरगुरला, तर बाळास उचलून घ्यावें आणि मनांत त्याचे आभार मानावे.

बाकीच्या तक्रारींचा मार्गही याच जातीचा आहे. पिल्लूं झोंपेंतून उठलें, जेवलें किंवा खेळून दमलें कीं लगेच बाहेर न्यावें. तेथें काम उरकतांच, घरीं परतल्यावर नव्हे, तेथल्या तेथें घांस द्यावा. आंत घाण झाली तर कांहीं न बोलतां पुसून काढावी. स्वयंपाकघरांत वा देवघरांत कुत्र्यानें येऊं नये, हा पुष्कळ घरांतील नियम आहे आणि त्यांत कांहीं गैर नाहीं. पण उंबरठ्यावर पाय पडतांच लाटणें फेकून मारण्यापेक्षां उंबरठ्याबाहेर एक गोणपाट घालावें व तो तेथें बसेल तेव्हां तेव्हां त्यास तेथेंच कांहीं मिळावें. सोवळें संभाळणाऱ्या आजींनींच जर हें केलें, तर आठवड्याभरांत फरक दिसूं लागेल. घांस म्हणून उकडलेलें गाजर, पोळीचा तुकडा, पनीर चालेल. कांदा, लसूण, द्राक्षें आणि मनुका-बेदाणे मात्र कुत्र्यास विषासारखे, तेव्हां प्रसादाचा शिरा प्रेमानें पुढें करूं नये.

समुद्रांतल्या डॉल्फिनला ना साखळी घालतां येते, ना छडी मारतां येते. रागावलें तर तो पोहून दूर जातो. हवाई बेटांवर 1960 च्या दशकांत केरन प्रायर यांनीं अशा प्राण्यांस शिटी आणि मासा एवढ्यावर उड्या शिकविल्या, आणि तीच रीत पुढें कुत्र्यांकडे आली. 1984 सालच्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं ती सामान्य वाचकांस समजावून दिली. ज्यास मारतां येत नाहीं त्यासही शिकवितां येतें, याहून मोठा पुरावा कोणता द्यावा?

एकत्र कुटुंबांत मात्र एक निराळीच अडचण असते, आणि ती कुत्र्याची नसून आपली असते. सकाळीं आजोबा पानांतला घांस मोत्यास घालतात. दुपारीं काकू, पानाशीं आला म्हणून, त्याच्या तोंडावर पळी मारतात. मुलें त्याला सोफ्यावर ओढून घेतात आणि काका त्यावरून खालीं ढकलतात. एक 'बस' म्हणतो, दुसरा 'सिट', तिसरा 'खालीं हो'. इतक्या कायद्यांच्या राज्यांत कोणीही प्रजाजन गोंधळून जाईल. तेव्हां एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्वांनीं बसून चार गोष्टी ठरवाव्या: कोणता शब्द कशासाठीं, पानांतलें द्यावयाचें कीं नाहीं, कोठें बसूं द्यावयाचें, आणि मुलांनीं झोंपलेल्या व जेवणाऱ्या कुत्र्यास हात लावावयाचा नाहीं. कागदावर लिहून तो फ्रिजच्या दारावर लावला तर उत्तम. वडिलांस नियम सांगणें सुनेस जड जातें, हें आम्ही जाणतों. म्हणून हा अंक मामंजींच्या हातीं पडेल अशा बेतानें दिवाणखान्यांत ठेवावा.

दुर्दैवानें चावा बसलाच तर छडी शोधण्यांत वेळ घालवूं नये. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि तडक दवाखाना गांठावा. कुत्रा घरचा व लस टोंचलेला असला तरी डॉक्टरांस विचारल्यावांचून राहूं नये. जखमेस हळद, चुना किंवा तिखट लावण्याची जुनी चाल अगदीं सोडावी. कायद्याचेंही एक वाक्य सांगून ठेवतों. राज्यसभेंत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं केलेल्या खटपटीमुळें 1960 सालीं प्राण्यांच्या छळास आळा घालणारा कायदा झाला. जनावरास मारून विनाकारण वेदना देणें हा त्याच्या 11 व्या कलमानें गुन्हा आहे. त्या कायद्यांत पहिल्या गुन्ह्यास दंड 10 ते 50 रुपये ठेवला होता, तेव्हां त्याचा धाक कोणास वाटेल असें नाहीं.

आणखी एक गोष्ट. वर्षानुवर्षें गरीब असलेला कुत्रा हात लावतांच एकाएकीं गुरगुरूं लागला, तर बहुधा त्याचें कांहीं तरी दुखत असतें. कानांत पू झालेला असतो, दाढ किडलेली असते, म्हातारपणीं कंबर धरलेली असते. अशा कुत्र्यास 'माजला' म्हणून मारलेलें आम्हीं पाहिलें आहे. मोत्या चारच वर्षांचा आहे. तरीही पशुवैद्यांकडे न्याल तेव्हां त्याचे दांत आणि कान अवश्य तपासून घ्यावे. पुढील अंकीं मांजरांविषयीं आलेल्या दोन पत्रांचा विचार करूं.